वांझ फुलाची भावंडं

"तोसे, तुझे हात राबणारे आहेत. नुईचे बघणारे आहेत."

बाबा हे बोलले त्याला नऊ वर्षं झाली, ते स्वतः गेले त्यालाही सात. आवाज मात्र तोसेच्या कानातून गेला नाही. नुई तेव्हा तोसेच्या धाकट्या भावाची नवी नवरी. घरात येऊन महिनाही झाला नव्हता.

आणि या उन्हाळ्यात नुईच्या कुंडीतल्या गारवेलीला एक वाकडंच फूल आलं. पाकळ्या कसल्या, निळ्या रेशमाच्या चिंध्या. पानं सुयांसारखी बारीक. इरिया या माळ्यांच्या वस्तीत, त्यांच्या गल्लीत पहाटेपासून माणसांची रीघ. "चित्रांच्या पुस्तकातलं भूत," म्हणत पोरं खिदळत. म्हातारे माळी मात्र त्याच्यापुढे गुडघे टेकून बसत. तोसेच्या चाळीस कुंड्यांकडे कुणी मान वळवली नाही.

"वन्सं, चहा घ्या. पाणी रोज तुम्हीच घालता, फूल तुमचंही आहे."

"माझं कसलं. मी आपली राबणारी."

नुईला टोमणा कळलाच नाही. कळला असता तर तोसेला जरा बरं वाटलं असतं.

ऊन चढलं, गर्दी पांगली. नुई कुंड्यांशी बसली. भुतासोबत पेरलेल्या त्याच बियांची सहा साधी रोपं शेजारी उभी होती, गोल फुलांची. "ही उपटते, वन्सं. मेली उगाच जागा अडवतात. बी आपण या भुताचंच धरू."

असल्या फुलाला बी धरत नाही, हे बाबांनी फक्त लेकीला, तोसेला सांगितलं होतं. त्याचा वंश साध्या भावंडांच्या पोटात लपलेला. त्यांचं बी राखलं तरच पुढल्या साली पुन्हा एखादं वाकडं निघतं. सहाही गेली की संपलं. गल्लीत कुणी फिरकणार नाही.

"तुझी कुंडी, तुझी मर्जी," ती म्हणाली.

एक उपटलं. दुसरं. बाळाचे पाय पुसावेत तशी नुई मुळांची माती पुसत होती, गुणगुणत होती. बघून गार वाटेल असं तोसेला वाटलेलं. छाती तर चुलीसारखी धगधगत होती. तिसरं. चौथं. पाचव्यावर नुईची बोटं थबकली.

"किती सरळ आलंय हे. जिवावर येतं हो."

"सोड ते."

"का?"

"भुताचं बी ह्यांच्यातच असतं. असलं तर ह्या दोघांत असेल आता." तोसेनं मान वर केली नाही. "मला आधीपासून ठाऊक होतं, नुई. चार मरू दिली मी. तुझं फूल मला बघवत नव्हतं."