तिसरी बाही

मास्तरांनी एकाच कोटाची तिसरी बाही कापायला घेतली, तेव्हा लेकीला आधी हसूच आलं.

"बाबा, गिऱ्हाइकाला हात दोनच आहेत."

कात्री थांबली नाही. बाही कापून मास्तरांनी ती नीट घडी घालून आधीच्या दोन बाह्यांवर ठेवली आणि मान वर केली.

"अक्का, तू कधी आलीस?"

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिला जाऊन जमाना झाला होता. लेकीच्या काळजात धस्स झालं.

ही भीती त्या घराला नवी नव्हती. मास्तरांच्या आईने शेवटची वर्षं शिलाई मशीनला मांजर समजून कुरवाळण्यात काढली होती. तेव्हापासून मास्तरांनी धसका घेतला होता. कापड बेतताना ते जुन्या गिऱ्हाइकांची मापं पुटपुटत राहत. डोकं शाबूत आहे ना, याची ती तपासणी. पण तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे कुणाला एक अक्षर कळत नसे. दुकानात टाचण्या टोचायची उशी होती, ती नुसती शोभेला. गेले काही दिवस मात्र ते जबडा दाबून बसत. दाढ दुखतेय का विचारलं, की "काही नाही गं" म्हणून विषय उडवून लावत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या गालाला बोट लावलं आणि मास्तर किंचाळले. अंगात ताप होता. हिरडीत टाचणी टोचून झालेली जखम आतून पिकली होती.

"डोकं गेलं का हो त्यांचं?" लेकीने विचारलं. "आजीसारखं?"

"एवढ्यात तिथवर जाऊ नका. रक्तातलं नको ते मेंदूत शिरू नये, म्हणून तिथल्या रक्तवाहिन्यांना फार घट्ट अस्तर असतं. अंगात असा संसर्ग भडकला, दाह वाढला, की त्या अस्तराची वीण सैल पडू शकते. मग नको ते आत झिरपतं आणि मेंदू बिथरतो. वय झालेल्यांना हे चटकन होतं."

"वीण परत घट्ट होते?"

"बहुतेकदा होते. पू काढू, औषधं सुरू करू. पण खात्री आज नाही देत."

त्या 'बहुतेकदा'ने तिची झोप उडवली. खाटेवर मास्तर सलाइनच्या स्टँडला दटावत होते, "सरळ उभे राहा, खांदा पाडू नका." एरवी ती पोट धरून हसली असती. आता तिला एकच भीती खात होती, की उरलेला जन्म हा माणूस आपल्याला अक्का म्हणणार आणि आपण निमूट ओ देणार. मास्तरांनी हाक मारली. तिने ओ दिली.

ताप उतरला, तरी दोन दिवस ती अक्काच होती. मग एका सकाळी मास्तर तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

"पोरी, तुझ्या कुडत्याची ही बाही कुणी जोडली? चुणी पडलीय."

ती हमसून हमसून रडली. मग रागाने म्हणाली, "दुखत होतं तर सांगायचं नाही का?"

मास्तर चादरीची शिवण चाचपत राहिले.

"डॉक्टर वार विचारतात, तारीख विचारतात. आईला विचारलं होतं ना. मला सांगता नसती आली तर?"

घरी आल्यावर तिने टाचण्यांची उशी त्यांच्या पुढ्यात आपटली, टाचणी तोंडात घालणार नाही अशी शपथ घ्यायला लावली आणि रखडलेला कोट पुढ्यात ओढला. अस्तर लावलं, बाही खांद्याला टाचत आणली. मास्तर खुर्चीत बसून बघत होते. एकाएकी ते उठले, जवळ आले आणि त्यांनी तिच्या हनुवटीखाली तळहात धरला.

"काढ."

काय, असं विचारायला गेली तर तिला तोंड उघडता येईना. ओठांत टाचण्या होत्या. लहानपणापासून याच दुकानात, यांच्याच शेजारी बसून ती टाचायला शिकली होती. एकेक टाचणी तिने त्यांच्या हातावर ठेवली.

शेवटची टाचणी काढल्यावर तिने जीभ हिरडीवरून फिरवली आणि एका जागी ती दचकली.

"दुखतंय?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही हो, बाबा," ती म्हणाली.