एकाचा सात

विद्युलताने वयाचा रकाना चढत्या क्रमाने लावला, यादी तळापर्यंत सरकवली आणि पुन्हा वर आणली. मग तोच रकाना उतरत्या क्रमाने लावून पाहिला. आकडे बदलले नाहीत. छावणीच्या त्या इस्पितळात दहा ते एकोणीस वर्षांचे एकही माणूस मेले नव्हते.

नोंदवही १९४६ च्या हिवाळ्यातली होती. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जर्मनीतली एक निर्वासितांची छावणी. छापील मथळे लष्करी इंग्रजीत, आतले हस्ताक्षर कुणा जर्मन कारकुनाचे. परदेशातल्या एका अभिलेखागाराने युद्धकाळातले आणि त्यानंतरचे असे हजारो सरकारी कागद चेन्नईच्या अण्णा नगरातल्या या कचेरीकडे सोपवले होते: फौजांच्या हालचालींचे अहवाल, ताब्यातल्या शहरांच्या रेशनच्या याद्या, इस्पितळांच्या वह्या. चौदा माणसे त्यांची छायाचित्रे पडद्यावर पाहून मजकूर टंकत, आणि तो बाहेर जाण्यापूर्वी विद्युलता तपासत असे. प्रमाणपत्रावर नाव तिचे जाई. सव्वातीन वाजले होते. ही फाइल पाचला जायची होती.

सांगलीला पदार्थविज्ञान शिकताना तिला एक सवय लागली होती, ती नवऱ्याच्या बदलीपाठोपाठ चेन्नईला आल्यावरही सुटली नव्हती. फार नीटनेटक्या आकड्यांवर तिचा विश्वास बसत नसे. सहाशे चाळीस नोंदी, एकशे अठरा मृत्यू, उपासमारीचा हिवाळा. त्यात लहान मुले गेली होती, म्हातारी माणसे गेली होती, आणि मधल्या वयाच्या पोरांना मात्र मृत्यूने हातही लावला नव्हता. उलट सत्तर ते एकोणऐंशी या वयात छत्तीस जण गेले होते. साठीतले केवळ नऊ.

तिने मूळ पानांची छायाचित्रे उघडली, आणि कारण दोन मिनिटांत सापडले. जर्मन कारकून एकाचा आकडा काढताना खालून एक लांब तिरकी रेघ वर नेत असे आणि मग उभी रेघ ओढत असे. आपल्याकडच्या डोळ्याला तो सात वाटावा. त्याचा खरा सात वेगळा होता. त्याच्या कमरेत आडवी रेघ असे. छत्तीसपैकी एकोणतीस सातांना ती रेघ नव्हती. बारा वर्षांची मुलगी बाहत्तरची झाली होती, पंधराचा मुलगा पंचाहत्तरचा.

विद्युलताने सुस्कारा सोडला. चूक होती, पण समजण्यासारखी. टंकणाऱ्याचे नाव पाहिल्यावर मात्र तिच्या कपाळाला आठी पडली. नारायणस्वामी.

नारायणस्वामी राव म्हणजे कचेरीतले सर्वांत वयस्क गृहस्थ. तंजावरी मराठी घराण्यातले. आजोबांची मोडी दप्तरे वाचत वाढलेले. रेल्वेच्या मालधक्क्यावर पस्तीस वर्षे दुनियाभरचे हस्ताक्षर लावून निवृत्त झालेले. कोणाला एखादे अक्षर लागले नाही की कागद त्यांच्याकडे जाई, आणि ते चष्मा कपाळावर चढवून, डबा खाता खाता, ते सांगून टाकीत. त्यांचे मराठी विद्युलताला जुन्या बखरीसारखे वाटे, आणि तिचे मराठी वर्तमानपत्रातून कापून काढल्यासारखे आहे असे ते तिला तोंडावर सांगत. मुलगा शहराबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात होता. येऊन राहा म्हणून मागे लागला होता. ही नोकरी आहे तोवर टी. नगरातली आपली दोन खोल्यांची जागा सोडावी लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

अशा माणसाला एक ओळखता येऊ नये?

तिने पुन्हा वहीकडे पाहिले, आणि या वेळी जगलेल्यांच्या नोंदी काढल्या. दहा ते एकोणीस वयाची बावन्न पोरे बरी होऊन घरी गेली होती. त्यांची वये तिने एकेक करून छायाचित्राशी ताडून पाहिली. हात तोच, शाई तीच, एकाची तिरकी रेघ तीच. बावन्नच्या बावन्न बरोबर होती. खाटांचे क्रमांक बरोबर होते. तारखा बरोबर होत्या. एकाचा सात फक्त तिथेच झाला होता, जिथे शेवटच्या रकान्यात कारकुनाने क्रूसाचे चिन्ह काढले होते. आणि तिथे तो एकदाही व्हायचा राहिला नव्हता.

एक्क्याऐंशी नाणी उडवावीत आणि एकोणतीस अमुक बाजूला, बावन्न तमुक बाजूला, ठरवल्याप्रमाणे पडावीत, याची शक्यता किती हे तिला तोंडी सांगता आले असते. तिने बाटलीतले पाणी घेतले.

नियम स्पष्ट होते. चूक सापडली की फॉर्म भरायचा आणि कारण निवडायचे. वळणाचा गोंधळ झाला असेल तर टंकणाऱ्याला समज देऊन विषय संपे. हेतुपुरस्सर बदल असेल तर त्याच दिवशी माणूस बंद, आणि अभिलेखागाराला कळवणे बंधनकारक. मग चौदा जणांचे पुढचे काम राहील की जाईल, ते नशिबावर.

ती उठून त्यांच्या टेबलाशी गेली. पान त्यांच्या पडद्यावर उघडले आणि बोट ठेवले.

"सर, हा काय आकडा आहे?"

नारायणस्वामींनी पडद्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. चष्मा कपाळावर चढवला नाही.

"येवढें सूक्ष्म कोण पाहतें, अम्मा?"

"मी पाहते. मला त्याचाच पगार मिळतो."

ते हसले नाहीत. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलून दुसरीकडे ठेवली.

"सत्तर म्हणजे काही फार नव्हे," ते हळू म्हणाले. "मज त्र्याहत्तर जालीं. तेवढीं तरी द्यावीं म्हटलें."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी तमिळमध्ये जेवणाच्या कुपनांवरून वाद घालत होते.

"दहाखालचीं होतीं, त्यांचें काही करतां आलें नाही," ते म्हणाले. "एकच आकडा. त्यापुढें काय लावणार?"

"सर, कोणीतरी त्यांना शोधत असेल. भाऊ, बहीण. त्यांना बारा वर्षांची मुलगी हवी असणार. बाहत्तरची बाई दिसली की ते पान उलटतील."

त्यांनी मान खाली घातली.

"तें मनास आलें नव्हतें," ते म्हणाले. "सेरी, बरें. तुम्ही लिहावयाचें तें लिहा."

ती जागेवर परतली. फॉर्म उघडा होता. तिच्या आयुष्यात तिने एकदाही प्रयोगाच्या वहीत वाचन बदलले नव्हते; पदवीच्या वर्षी एका प्रयोगात गुण गमावले होते, पण बदलले नव्हते. बोट दोनदा कळीपाशी जाऊन मागे आले. चार वाजून दहा मिनिटांनी तिने 'वळणाचा गोंधळ' निवडले आणि खाली एक ओळ टंकली: जर्मन वळणाचा एक, सात म्हणून वाचला गेला.

पाच मिनिटांत प्रकल्पप्रमुख गुरुराज तिच्या टेबलाशी हजर झाला. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग छायाचित्र पाहिल्यावर ती उतरली. हे कोणालाही चुकेल, तो म्हणाला. उद्या सगळ्यांना फळ्यावर काढून दाखवू. मात्र एक गोष्ट त्याला पटत नव्हती. त्याने नारायणस्वामींना हाक मारली. ते आले. आसपासच्या पाच-सहा माना वळल्या.

"सार, तुम्ही? मोडी वाचणारे? तुम्हाला एक ओळखता आला नाही?"

विद्युलताने माउस घट्ट धरला. जगलेल्यांची यादी अजून तिच्या पडद्यावर उघडी होती. गुरुराजने नजर दोन बोटे डावीकडे नेली असती तरी पुरे होते.

नारायणस्वामींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि छायाचित्राजवळ वाकले. पस्तीस वर्षे मालधक्क्यावर कमावलेले सगळे त्या एका आकड्याशी येऊन थांबल्यासारखे वाटले.

"मला सातच दिसला, तंबी," ते म्हणाले. "डोळे गेले आता."

कोणीतरी हसले. गुरुराजने त्यांच्या खांद्यावर थोपटले, डोळ्यांच्या डॉक्टरचे नाव सुचवले, आता कठीण कागद त्यांच्याकडे देत जाऊ नका असे विद्युलताला सांगितले आणि तो निघून गेला. तिने यादी मिटवली.

दुरुस्ती दोघांनी करायची असे. मूळ टंकणाऱ्याने छायाचित्रावरून मोठ्याने वाचायचे, तपासणाऱ्याने टंकायचे. नारायणस्वामींनी खुर्ची ओढली. पाचला पंचवीस मिनिटे उरली होती.

"नोंद एकोणीस," विद्युलता म्हणाली. "एल्झे."

"बारा."

तिने सात खोडून एक केला.

"नोंद चौतीस. हाइन्रिख."

"तेरा. खाट आठ. फेब्रुवारीची चार."

फक्त वय हवे होते. तिने तेवढेच टंकले. आठव्या नोंदीनंतर तिने नाव सांगायचेही सोडून दिले, कारण ते आपणच पुढे निघाले होते. नाव, वय, खाट, तारीख, एकामागून एक, न अडखळता, वहीतल्याच क्रमाने. ती प्रत्येक ओळ छायाचित्राशी ताडत होती. एकही चूक नव्हती. बाराव्या नोंदीला तिने मान वळवून पाहिले. नारायणस्वामींची नजर पडद्यावर नव्हती. ते समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत सांगत होते.

एकोणतिसावी नोंद झाली तेव्हा चार मिनिटे शिल्लक होती. फॉर्मने शेवटचा प्रश्न विचारला: वाचन मूळ छायाचित्रावरूनच झाले का?

विद्युलताने 'होय' दाबले.