पहिला झोका कधी मोजायचा?

मित्रांनो, मी एक जुना लंबक आहे. लिंबाएवढा पितळी गोळा आणि एक दोरा, एवढाच माझा देह. एका कारागिराने मला लेथवर कातलं, तळहातावर घोळवून पाहिलं आणि म्हणाला, "जा बाबा, झुलत राहा!" मग मी शाळेच्या प्रयोगशाळेत आलो.

झुलणं स्वप्नासारखं असतं. टोकाला पोहोचलो की माझा सगळा वेग सरतो. निमिषभर मी स्तब्ध होतो. मग पृथ्वी मला हळूच खाली बोलावते. मध्यावर मी सर्वांत भरधाव असतो आणि त्याच भरात पलीकडे चढून जातो.

किती मुलं आली आणि गेली! कुणी मला कौतुकाने पुसलं, कुणी शेजाऱ्याच्या पाठीत हाणलं. पण लक्षात राहिली ती एकच मुलगी. सारखे प्रश्न विचारते म्हणून वर्ग तिला 'शंकासूर' म्हणायचा. त्या दुपारी तिच्या हातात भौतिकशास्त्र सोडण्याचा अर्ज होता. बाईंची सही तेवढी राहिली होती.

"माझे वीस झोके अडतीस सेकंदांत संपतात, बाई. पुस्तकात चाळीस आहेत. तीनदा केलं. मला नाही जमत हे गणित."

"अगं, चाळीस लिही आणि मोकळी हो," तिची मैत्रीण कुजबुजली. "आम्ही सगळ्यांनी तेच केलंय."

"मग प्रयोग कशाला केला? शोभेला?"

बाई हसल्या. "गणित ठेव बाजूला. आधी सांग, याला थोडं जास्त ओढून सोडलं, तर परत यायला वेळ जास्त लागेल?"

"लागणारच. वाट लांबली ना!"

"बघ तर."

तिने मला बेतानेच, पण आधीपेक्षा जास्त ओढून सोडलं. वेळ जवळजवळ तेवढाच लागला! ती टेबलावर हनुवटी टेकून बघत राहिली. "वाट लांब, पण हा जास्त उंचावरून येतो... म्हणून धावतोही जोरात!"

"हे तुला कुठल्या सूत्राने सांगितलं?" बाईंनी विचारलं.

खिडकीतून ऊन माझ्यावर पडलं होतं आणि माझी सावली भिंतीवर झुलत होती. तिने मला पुन्हा ओढलं, सोडलं आणि सवयीने म्हणाली, "एक!" लगेच तिने जीभ चावली.

"बाई, हा अजून कुठे गेलाच नाही, आणि मी एक मोजून मोकळी!"

"बाळ जन्मलं की लगेच एक वर्षाचं होतं का गं?"

"शून्य! सोडताना शून्य म्हणायचं! माझे वीस म्हणजे एकोणीसच झोके होते!"

या वेळी वीस झोके भरले, तेव्हा घड्याळात बरोबर चाळीस सेकंद झाले होते. तिने अर्जाच्या चार घड्या घातल्या आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवल्या. मैत्रीण आपल्या वहीतले चाळीस खोडू लागली.

आता संगणकाच्या पडद्यावर चित्रातले लंबक झुलतात. ते कधी चुकू देत नाहीत. मी कपाटात असतो, दोरा विरलाय, पितळ काळवंडलंय. मित्रांनो, मला चकाकी नको, नवा दोरा तेवढा बांधा. सूत्र आठवलं नाही तरी घाबरू नका आणि कुणाचं उत्तर उतरवून घेऊ नका. मला सोडा, आणि मी परत येईपर्यंत थांबा.