चारशे वर्षांचं खोटं वय

मित्रांनो, वाचनालयाच्या पेटीत कुलपाआड बसलेला मी एक जुना ग्रंथ. पेटीवर माझं वय सातशे वर्षं लिहिलंय. धादांत खोटं आहे ते. मी जेमतेम तीनशेचा.

चीनमधल्या हूचौ गावच्या लिंग नावाच्या घराण्यातल्या एका वैद्यानं मला लिहिलं. लहान मुलांच्या आजारांवरची औषधं माझ्यात आहेत. वैद्य वारले, तेव्हा त्यांच्या बायकोनं स्वतःची तुतीची बाग विकून मला छापून घेतलं. लाकडात अक्षरं कोरायलाच दोन वर्षं गेली. पहिल्या पानावर तिनं ही हकिकत चार ओळींत सांगितली, खाली साल घातलं आणि स्वतःचं नाव. त्या काळी बाईमाणसाचं नाव कोण लिहीत होतं? घराण्याच्या वंशावळीत तिचं नुसतं माहेरचं आडनाव आहे. पुढे कित्येक आयांनी मला चुलीपाशी उघडं ठेवून काढे उकळले. माझ्यावर डाग पडले, पण मी सुखात होतो.

फिरत फिरत मी पेकिंगच्या पुस्तकगल्लीत लुआनशेटच्या दुकानी आलो. त्यानं मला छीदादाच्या हातात दिलं. छीदादा त्याचा पुस्तकं बांधणारा कारागीर.

"पहिलं पान काढ. साल दिसलं तर कुत्रं विचारणार नाही याला."

"मालक, त्यावर बाईचं नाव आहे. बाग विकलीय तिनं."

"एवढा कळवळा असेल तर तूच विकत घे."

छीदादाच्या घरी खाणारी तोंडं सात. त्यानं मुकाट्यानं शिवण उसवली, पान काढलं आणि चहाच्या पाण्यानं मला जुनाट रंग दिला. आमच्याकडे लिहिलेला कागद केरात टाकत नाहीत, पाप लागतं. म्हणून तो पान घेऊन देवळातल्या कागद जाळायच्या भट्टीकडे गेला. परत येऊन म्हणाला, "हात जोडून रीतसर जाळलं, मालक." पाप लागू नये म्हणून केवढी ती काळजी! मला अजून संताप येतो.

मग जुन्या ग्रंथांचे पारखी थानपंडित आले. साल नाही, कागद तपकिरी, म्हणजे सातशे वर्षांचा, असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि माझ्यावर आपला लाल शिक्का मारला. वाचनालयानं मला घेतलं. कौतुक इतकं झालं की मला कुणी उघडेना.

एके दिवशी ग्रंथपाल फूसाहेबांकडे हूचौहून लिंग घराण्यातला एक म्हातारा आला.

"साहेब, यंदा आमची वंशावळ नव्यानं छापतायत. भांडून भांडून मी पंचांना राजी केलंय, आमच्या मूळ आजीचं, वैद्यांच्या बायकोचं, नाव घालायला. ते तिनं छापलेल्या औषधांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर होतं म्हणतात. गावातल्या प्रती बंडाळीत जळाल्या."

फूसाहेबांनी मला त्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्यानं भराभर पानं चाळली.

"पहिलं पान नाही, पण औषधं हीच आहेत हो!"

"असतील. पण आजोबा, हा तुमच्या आजीच्या चारशे वर्षं आधीचा. पंडितांचा शिक्का आहे. तुमच्या वैद्यांनी यावरून उतरवून घेतलं असेल."

"म्हणजे आमचे वैद्य चोर?"

"मी तसं कुठं म्हटलं?"

म्हाताऱ्यानं मला मिटलं. "राहू दे मग," तो म्हणाला. "आता पंचांना नाव घाला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?" त्यानं मला खाली ठेवलं आणि तो निघून गेला. मला ओरडता आलं नाही.

मित्रांनो, पुस्तकाचं पान कधी फाडू नका. ते पान कुणाचं असेल, आपल्याला ठाऊक नसतं. ती वंशावळ आता छापूनही झाली असेल. पण तुम्ही तरी कुठेतरी लिहून ठेवा. तिचं नाव शेन हुईयिन होतं.