शेवटात शिरलेली म्हैस

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर हाय. सध्या माळ्यावर पडलोय, अंगावर पेंडीचं रिकामं पोतं. जन्म जपानातला, पण मराठी शिकलो ती कोल्हापुरात गवळ्याच्या घरात, तवा माझ्या बोलण्याला नावं ठेवू नका. एक लई गाजलेला पिक्चर माझ्या पोटातनं गेला आन् त्याचा शेवट मी माझ्या स्वतःच्या डोक्यानं पुसला. त्या पिक्चरपायी मला काडीचं वाईट वाटत न्हाय. वाटलं ते एका बाईपायी.

जपानात पांढरे हातमोजे घातलेल्या पोरींनी मला जोडला. धुळीचा कण दिसला तर कारखान्यात बोंब व्हायची. तिथनं दुबई, आन् दुबईतनं कुणाच्या तरी चादरीत गुंडाळून हुपरीला, भीमाप्पा म्हणून चांदीचं पैंजण करणाऱ्या माणसाच्या घरी. त्येनं पुढं नवं मशीन घेतलं आन् १९९५ साली मला आकाराम गवळ्याला देऊन टाकलं, एका रेडीच्या बदल्यात. ज्या पोरींनी मला घडवलं त्येंना हे कुणी कळवू नका. टेम्पोत चढताना रेडी वरडत हुती. मी आपला गप.

आकारामच्या घरात मानाच्या जागा दोनच. एक माझी, कपाटावर, भरतकामाच्या रुमालाखाली. दुसरी चिमणीची. चिमणी म्हंजे म्हैस. नाव चिमणी, पण गोठ्यात शिरली की दाराची चौकट अंग चोरायची. ती पान्हा सोडायची फक्त शालूबाईला, म्हंजे आकारामच्या बायकोला. दुसरं कुणी कासंला बसलं की बादली एकीकडं, माणूस एकीकडं. तरी गावभर कौतुक चिमणीचं. शालूबाईचं कौतुक कुणी केल्याचं मी ऐकलं न्हाय.

त्या बाईनं जन्मात नवऱ्याकडं एकच मागितलं हुतं. 'बर्फ पर मेहंदी' ह्या पिक्चरचा शेवट.

झालं असं. तिचं लगीन झालं १९७६ साली, आन् त्याच साली तो पिक्चर टॉकीजला लागला. शो तीनचा, सुटायचा सहाला. आन् साडेपाचला धार! कोल्हापुरात म्हैस कट्ट्यावर आणायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पिळायची, फेसासकट गिलास हातात द्यायचा. जरा उशीर झाला की गिऱ्हाईक शेजारच्या कट्ट्यावर. म्हणून पाच वाजले की आकाराम बायकोच्या दंडाला धरून टॉकीजच्या बाहेर. चार वेळा नेलं, चारी वेळा पाचला उठवलं. आख्ख्या गवळी गल्लीची तीच गत. शेजारची अंबूबाई छातीठोक सांगायची, "हिरो मेला." शालूबाईची सासू, जिला सगळे आक्का म्हणायचे, ती म्हणायची, "मरतोय कशाला? एक हात तुटून आला." दोघी बी पाचलाच उठून आलेल्या.

आता त्या पिक्चरबद्दल सांगतो. पुण्याच्या पेपरात त्याला 'पडद्यावरची कविता' म्हटलं हुतं. पदकं मिळाली हुती. मी तो जवळनं बघितलाय मित्रांनो, फितीची एक एक रेघ डोक्यावरनं गेलीया. हिरो कॅप्टन. तीन तास लढाई चाललीया, पण त्याचा भांग मोडत न्हाय. शत्रू लई सोशीक, गाणं संपल्याशिवाय गोळी झाडत न्हाय. हिरोईन नर्स, पण एकाला बी पट्टी बांधत न्हाय. जखमी कण्हत पडल्यात आन् ही खिडकीत उभी राहून चंद्राला चिठ्ठी दाखवतीया. बर्फ म्हंजे साबणाचा फेस. तो हिरोच्या डोळ्यात गेला, पाणी आलं, आन् त्या पाण्याला अभिनयाचं पदक मिळालं. असला पिक्चर.

त्या पिक्चरसाठी आकारामनं रुद्रेशला बोलावलं. हा लग्नाची शूटिंगं करणारा, कर्नाटकाच्या सीमेकडचा, तोंडानं गोड. त्येनं कुणाकडनं तरी कॅसेट आणली, आपलं मशीन मला जोडलं आन् एका कोऱ्या कॅसेटवर पिक्चर उतरवून दिला. "घ्या मामी," तो शालूबाईला म्हणाला, "आता शेवट तुमच्या घरात हाय. कवा बी बघा."

बघायचा मुहूर्त ठरला लक्ष्मीपूजनाच्या दुपारी. गल्लीतल्या बाया जमल्या, भुईमुगाच्या शेंगा फुटल्या. अडीचला सुरू केला, साडेपाचच्या आत संपणारच. पण मधी अर्धा तास लाईट गेली. साडेपाचला हिरोईन कुठल्या तरी बर्फाळ स्टेशनात, धुक्यात हात पसरून उभी. गाडीची शिट्टी वाजली. शालूबाईनं पदर तोंडात धरला.

"धाऽर!" दारातनं आकारामचा आवाज.

आन् मित्रांनो, सांगताना माझीच मान खाली जातीया, बाया उठल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कॅसेटपुढनं उठल्या! एकोणीस वर्सांची सवय.

"हितंच थांबवा," शालूबाई म्हणाली. "एक बोट बी हलवू नगा. भाऊबीजंला दुपारी बघीन." तिनंच बटण दाबलं. फीत माझ्या पोटात, ऐन स्टेशनावर थांबली.

मधी पाडवा आला. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी मिरवत्यात. आकारामनं चिमणीची हजामत केली, शिंगं लाल-निळी रंगवली, मोरपिसं बांधली, पायात चाळ. मग मोटारसायकलचा सायलेन्सर काढून फाडफाडफाड करत तो पुढं आन् त्या आवाजाला वळखून चिमणी मागं, चौखूर. रुद्रेशनं त्याची शूटिंग केली. सांज करून घरी आला, कॅमेऱ्याची वायर माझ्यात खुपसली.

"मामा, कोरी कॅसेट?"

"आत हाय की. परवाच कोरी आणलीया," आकाराम म्हणाला. एकोणीस वर्सांनी आणलेला शेवट दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत बी त्याच्या डोक्यात टिकला न्हाय.

रुद्रेशनं लाल बटण दाबलं. मला कळत हुतं. पण मशीनला तोंड असतं ते गिळायला, बोलायला न्हाय. आन् खरं सांगू? मनातनं मी खूश हुतो. पुसला, पिक्चरची शेवटची रेघ जाईपर्यंत पुसला. आयुष्यात एवढं स्वच्छ काम मी केलं न्हाय.

भाऊबीजंला दुपारी परत बाया जमल्या. शालूबाईनं नवं लुगडं नेसलं हुतं. आकारामला बी शेजारी बसवला. रुद्रेशनं शूटिंग दाखवाय म्हणून फीत आधीच मागं गुंडाळून ठेवली हुती, स्टेशनाच्या जरा अलीकडं. बटण दाबलं. हिरोईन धुक्यात हात पसरून उभी. शिट्टी. धुकं हललं. पडद्यावर बारीक पाऊस पडल्यासारखं झालं आन् फाडफाडफाडफाड! हिरोईनच्या पसरलेल्या हातांतनं लाल-निळ्या शिंगांची चिमणी सुसाट धावत आली.

बाया पडद्याकडं सरकल्या.

"आगं बया," अंबूबाई म्हणाली, "मेला न्हाय, पर ही काय गत झाली त्याची!"

आन् आकाराम? तवा जरी गप बसला असता तरी निभावलं असतं. पण गडी मांडीवर थाप मारून उठला, "बगा, बगा! शिंगं कशी चमकत्यात बगा की!"

शालूबाई उठली, धारंची बादली आणली आन् नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"शेवट आणा. तवर मी कासंला बसनार न्हाय."

"आगं, म्हशीवर राग कशाला?"

"म्हशीवर न्हाईच."

झालं. त्या सांजंला चिमणीनं आकारामला दोन लाथा घातल्या. रेडकू पिऊन पिऊन ढोलासारखं फुगलं, कट्ट्यावर गिलास कोरडं. दुसऱ्या दिवशी रुद्रेश लुना घेऊन गल्लोगल्ली हिंडला. त्येनं ज्याच्याकडनं कॅसेट आणलती त्येनं तिच्यावर मेहुणीचं लगीन भरलं हुतं. शेवटी कोडोलीत एका रिटायर मास्तरांकडं एक सापडली, बुरशीनं पांढरी झालेली. तरी चालली असती. पण मला लावायच्या आधी आकाराम म्हणाला, "थांब, मशीनचं डोकं साफ करू." माझं डोकं म्हंजे आतलं केसाएवढं नाजूक काम, मित्रांनो. जपानात तिथं श्वास सोडायची बंदी. आकारामनं तिथं चिमणीच्या शिंगाला लावायचं तेल लावलं. चकाकी यावी म्हणून! कोडोलीच्या मास्तरांची कॅसेट मी स्टेशनाच्या अलीकडंच चावली. शेवयासारखी बाहेर आली. दोष माझा न्हाय, पण शिव्या मलाच.

तिसऱ्या दिवशी जे घडलं ते मी नंतर बघितलं, कारण रुद्रेशनं ते कॅमेऱ्यात धरलं आन् माझं डोकं पुसून, त्याच कॅसेटवर चिमणीच्या मागनं, माझ्याच पोटात भरलं.

कट्ट्यावर सांज. पैलवान, मास्तर, पोराबाळांची माणसं, सगळी बघत्यात. चिमणी उभी. आन् तिच्या कासंला बसलाय आकाराम, शालूबाईचं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर, पदराखाली मिशा. म्हशीला फसवायला.

"वैनी," केरबा पैलवानानं विचारलं, "आज लईच थकलासा, मिशी आलीया."

"गिलास धर आन् गप ऱ्हा," पदरातनं आकाराम.

चिमणीनं मान वळवली, लुगड्याचा वास घेतला. मग मिशीचा घेतला. लाथ अशी बसली की लुगड्याचा सोगा केरबाच्या हातात आन् आकाराम शेणात. कट्टा हसून लोळला. आन् गर्दीतनं शालूबाई पुढं आली. ती हसत नव्हती.

"एवढं सोंग केलासा," ती म्हणाली, "पर एकदा, एकदा बी त्या टॉकीजात तासभर थांबला न्हाईसा."

आकाराम शेणात बसूनच हुता. मिशीवरचं शेण पुसलं. मग म्हणाला, "थांबलोय मी."

"कवा?"

"त्याच साली. तुला घरी सोडली, धार झाली, आन् नवाच्या शोला एकटाच परत गेलो. जीव ऱ्हाईना. शेवट मी बघितलाय, शालू."

केरबानं हातातला सोगा सोडला. शालूबाईचा आवाज बारीक झाला. "एकोणीस वर्सं ठाऊक हुतं? मग का सांगितलं न्हाईसा?"

"सांगाय लागलो की रडू यायचं. तालमीतला गडी मी. बायकूपुढं पिक्चरच्या पायी रडू व्हय?"

शालूबाईनं बादली उचलली, त्याला बाजूला सारलं आन् कासंला बसली. "सांगा," म्हणाली. "मी तिकडं बघत न्हाय. रडा जावा."

पहिली चिळकांडी बादलीत वाजली.

"गाडी आली," आकाराम म्हणाला. "धुकं लई. सगळं लष्कर उतरलं, ह्योच दिसंना. ती आपली हात पसरून. मग... मग शेवटच्या डब्यातनं उतरला की! लंगडत, पर आला. ती म्हणाली, लई उशीर केलासा. त्यो म्हणाला..." हितं आकारामनं पदरानंच नाक पुसलं. "त्यो म्हणाला, चल घरला, धारंची येळ झाली."

"मिलिट्रीवाल्याकडं म्हैस?" केरबा म्हणाला.

"गप बस लेका! बायकू शेवट ऐकतीया."

बादली भरत हुती. शालूबाईची पाठ तेवढी दिसत हुती, हलणारी. हलणं धारंचं का दुसऱ्या कशाचं, हे कॅमेऱ्यात कळत न्हाय.

मित्रांनो, खरा शेवट मला ठाऊक हाय. तो येत न्हाय. त्याची टोपी येती. हिरोईन त्या टोपीला मेहंदी लावती, टोपीला! आन् साबणाच्या फेसातनं चालत जाती. पावणेचार मिनिटं नुसती तिची पाठ. पेपरवाल्यांनी ह्याच पावणेचार मिनिटांवर रकाने भरले. शेणात बसून, लुगड्यानं नाक पुसत एका गवळ्यानं जो शेवट रचला, त्याला पदक सोडा, टाळी बी मिळाली न्हाय. मी मधी बोललो न्हाय. मी काय तोंडानं बोलणार? शेवट पुसणारा मीच.

पुढं सीडी आली, माझा रुमाल गेला, मग मी माळ्यावर गेलो. चिमणी बी म्हातारी होऊन गेली. २००६ साली शालूबाईची लेक अनुजा, आता कॉलेजात शिकवती, आईसाठी एक चकती घेऊन आली.

"आई, तुझा पिक्चर! अख्खा हाय, शेवटासकट. बस."

शालूबाईनं चकती हातात घेतली, उलटीसुलटी केली, तिच्यात आपलं तोंड बघितलं. बाहेर सोप्यात आकारामचा खोकला एकदम थांबला हुता.

"नगं," ती म्हणाली. "मला शेवट ठाऊक हाय."

"अगं, पण बघितलायस कुठं?"

"सांगितलाय मला." आन् ती चकती तिनं गोठ्याच्या दाराला दोऱ्यानं टांगली. चिमण्या, खऱ्या चिमण्या, पेंडीवर बसायच्या, त्या आता बसत न्हाईत. पडद्यावरच्या कवितेचा एवढा उपयोग मी तरी पहिल्यांदाच बघितला. सोप्यात खोकला परत सुरू झाला.

आता अनुजा मला भंगारात घालायचं म्हणतीया. तवा तुमच्याकडं एक मागणं हाय, मित्रांनो. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलं असंल तर तराजूत टाकायच्या आधी त्याचं तोंड उघडून बघा, आत काय अडकलंय ते. माझ्या पोटात ती कॅसेट अजून हाय: धुक्यात हात पसरलेली हिरोईन, मग चिमणी, मग लुगडं नेसलेला आकाराम. बुरशी धरायच्या आधी कुणीतरी माझं डोकं पुसा. कोरड्या फडक्यानं पुसा. शिंगाचं तेल लावू नका. आन् लाल बटणाला तर हातच लावू नका, ह्या शेवटावर आता दुसरं काय बी भरायचं न्हाय.