नाथाची झोप

"तोंड उघडा," उज्ज्वला म्हणाली.

नाथानं मुकाट्यानं तोंड उघडलं. शेळ्या अजून गोठ्यात शिरत होत्या, आणि दारातच बायको टाचा उंचावून त्याच्या तोंडाचा वास घेत होती. वास होता तो कांद्याचा आणि तंबाखूचा. दारूचा नव्हता. तो कधीच नसायचा, आणि तिला नेमकं तेच खटकायचं.

"पीत न्हाई म्हणता, मंग काळा बोकड कुटं गेला?"

"डोळा लागलता."

"रोजच लागतोय. कावून लागतोय त्ये तरी सांगा!"

ते सांगता आलं असतं तर नाथानं ते कधीच सांगितलं असतं. ओट्यावर त्याचा थोरला भाऊ मुंजाजी पाय सोडून बसला होता. तो नुसता हसला आणि तंबाखू थुंकला. हसण्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर नाथाला बरं वाटलं असतं.

धर्मापुरीच्या पल्याड माळाला लागून त्यांची वस्ती. बाप गेल्यावर जमिनीचा तुकडा मुंजाजी बघायचा आणि दोघांची मिळून असलेली शेरडं नाथा राखायचा. मिसरूड फुटलं तेव्हापासून ही झोप त्याच्या मानगुटीवर बसली होती. रात्री पोटभर झोपून उठला तरी अंग ओल्या पोत्यासारखं जड. भाकरीचा घास हातात धरून तो पेंगायचा. चालता चालता डोळे मिटायचे, पाय मात्र चालतच राहायचे आणि जाग यायची ती बाभळीच्या काट्यात. हसण्याचीही चोरी होती. मनापासून हसू आलं की गुडघ्यातला जीव जायचा. साडूच्या लग्नात कुणीतरी नवरदेवाच्या फेट्यावरून गंमत केली आणि नाथा हसता हसता मांडवातच कोसळला. शुद्ध होती, सगळं ऐकू येत होतं, पण हातपाय हलेनात. "पाव्हणे सकाळसकाळीच टाकून आलेत," असं लोक म्हणाले, ते त्यानं जमिनीवर पडल्या पडल्या ऐकलं. त्या दिवसापासून तो हसायचंच टाळू लागला, आणि मग वस्तीत नवीनच बोलणं सुरू झालं, की नाथ्या लई आतल्या गाठीचा हाय, त्याच्या मनात काय चाललंय कळत न्हाई.

प्रत्येकाचा संशय निराळा होता. उज्ज्वलाला वाटायचं दारू, नाहीतर दुसरी बाई. आई चतुराबाईला वाटायचं भावकीतल्या कुणीतरी करणी केली आहे. शेजारचे बागायतदार मोहनराव, ज्यांच्या हरभऱ्यात शेरडं दोनदा शिरली होती, ते उघडच म्हणायचे, "ह्यो झोपत न्हाई, झोपंचं सोंग घेतो. शेरडं हाच इकत असंल सिरसाळ्याच्या बाजारात."

नाथाचा संशय मात्र स्वतःवरच होता.

काळा बोकड गेला त्या दिवशी त्यानं काहीतरी पाहिलं होतं. बोरीच्या सावलीत पापणी मिटता मिटता त्याला दिसलं की दादा बोकडाचा कान धरून त्याला ओढत नाल्याकडं नेतोय. नाथानं ओरडायचा प्रयत्न केला. जीभ हलली नाही. बोटसुद्धा हललं नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, आणि पुन्हा डोळे उघडले तेव्हा माळावर शेळ्यांखेरीज चिटपाखरू नव्हतं. हे सांगायचं कुणाला? असंच पडल्या पडल्या त्याला मेलेला बाप उशाशी बसलेला दिसायचा. एकदा तर माळावरून आगगाडी गेली होती. ज्याला माळावर आगगाडी दिसते त्यानं सख्ख्या भावावर आळ कसा घ्यायचा? आपल्या मनातच पाप आहे, असं म्हणून नाथा गप्प बसला.

छडा लावला तो उज्ज्वलानं. एका सकाळी तो माळावर गेल्यावर ती आडवाटेनं मागून गेली आणि तरवडाच्या झुडपाआड बसून राहिली. बाई येते का, बाटली निघते का, ते तिला बघायचं होतं. तिला दिसला तो काठीला हनुवटी टेकवून उभा असलेला नवरा. शेळ्यांना हाका मारत होता. हाक मारता मारता शब्द विरघळला, मान खाली गेली, आणि तो उभ्या जागी वाकत वाकत मातीत बसला. ती धावत जाऊन त्याला गदागदा हलवू लागली. त्याचे डोळे उघडले. ते तिच्याकडं बघत होते, ओळखत होते, पण शरीर दगडासारखं पडलेलं. त्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते पुसायला त्याचा हात उठेना.

"अवो, काय होतंय तुमाला? बोला की!" ती रडू लागली. त्यानंतर तिनं त्याचं तोंड कधी हुंगलं नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या, आंबाजोगाईला रक्त तपासलं, आणि तिथल्या एका जाणत्या डॉक्टरांनी त्यांना लातूरला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं धाडलं. तिथली तपासणी अजबच होती. रात्रभर डोक्याला वायरी लावून झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी, दिवसाढवळ्या, थोड्या थोड्या वेळानं नर्सबाई येऊन सांगायची, "काका, आता परत झोपा." शेजारच्या खाटेवरचा म्हातारा फिदीफिदी हसला, "माझ्या डोळ्याला डोळा न्हाई, आन् ह्येला सरकार झोपायला बोलवतंय!" नाथाला हसू आलं आणि त्यानं घाईनं खाटेचा गज धरला.

डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं होतं.

"हसलं की पाय जातात ना?" त्यांनी विचारलं. नाथानं गजावरचा हात सोडला. आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"हा आळस नाही," त्या उज्ज्वलाकडं बघून म्हणाल्या. "मेंदूत माणसाला जागं ठेवणारा एक रस असतो. यांच्यात तो जवळजवळ आटलाय. हजारोंत एखाद्याला होतो असा आजार, म्हणून पटकन ओळखूच येत नाही."

"बरं हुतील का?"

"मुळापासून नाही. पण ताब्यात राहील. सकाळी ही गोळी, हसून पडतात त्याच्यासाठी ही दुसरी. दुपारी ठरल्या वेळी थोडं झोपायचं, चुकवायचं नाही. विहिरीच्या काठाला एकटं जायचं नाही, गाडी चालवायची नाही, आणि हातात कोयता तर अजिबात नाही."

नाथा घुटमळला. "मॅडम, झोप लागताना दिसतं, त्ये?"

"ते स्वप्नच. तुमची स्वप्नं डोळे पुरते मिटायच्या आधीच सुरू होतात. खरं वाटतं, पण ते खरं नसतं."

परतीच्या एसटीत नाथाला मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. दादा स्वच्छ होता. आपणच खोटे, आपल्या मेंदूतला रस खोटा. घरी पोचताच त्यानं मुंजाजीला सगळं सविस्तर सांगितलं, गोळ्या दाखवल्या, दुपारची झोप कधी घ्यायची तेही सांगितलं.

"झोपंचा बी रोग असतो व्हय बे?" मुंजाजीनं गोळ्यांचं पाकीट उन्हाकडं धरून निरखलं. "नशंच्या दिसायल्यात."

चार दिवसांनी तो मोहनरावांना मध्यस्थ म्हणून घेऊन आला. वाटणी हवी होती. शेरडं त्याच्याकडं, आणि नाथानं बायकोला घेऊन ऊसतोडीच्या टोळीत जावं, असं त्याचं म्हणणं.

"डॉक्टरनं कोयता धरू नगं म्हणलंय," उज्ज्वला चौकटीतून म्हणाली. "झोपंत हात तुटला तर?"

"मंग काय जल्मभर शेरडं हरवत बसायचं?" मुंजाजी म्हणाला. "मी हाय म्हणून गप हाय. दुसरा असता तर पोलिसात गेला असता."

चतुराबाई मधे पडली, "दोगं बी माजीच लेकरं हायती," म्हणत रडली. शेवटी मोहनरावांनी तोडगा काढला. "दसऱ्यापर्यंत बघू. ह्याच्या गोळ्यांनी काय फरक पडतो त्ये कळंल. पण नाथा, आणखी एक जरी गेली, तर शेरडं मुंजाजीची. कबूल?"

नाथानं मान हलवली. दुसरं करण्यासारखं त्याच्या हाती काही नव्हतं.

गोळ्यांनी आधी डोकं दुखलं, मग भूक गेली. आणि मग एका सकाळी माळावर उभं असताना त्याच्या ध्यानात आलं की ऊन डोक्यावर येईतो आपण जागे आहोत. मधला तुकडा कुठंच तुटलेला नाही. तितर ओरडला तो ऐकला, कुठली शेळी लंगडते ते दिसलं. जड वाटायचं कधीकधी, पण आधीसारखं कुणी पाठीमागून येऊन पोतं टाकत नव्हतं. बापही दिसेनासा झाला. त्याचं नाथाला थोडं वाईट वाटलं.

दुपारी तो झोपायचा तेव्हा उज्ज्वला येऊन शेरडं राखायची. पावसाळा सरला, एकही शेळी गेली नाही. वस्तीतली माणसं त्याला 'नाथ्या' सोडून 'नाथा' म्हणून हाक मारू लागली. फक्त मुंजाजी बोलेनासा झाला होता. नाथाला वाटायचं, वाटणीचं मनाला लावून घेतलंय दादानं.

दसरा तोंडावर आला आणि उज्ज्वलाला धर्मापुरीला बहिणीच्या लेकराच्या बारशाला जावं लागलं. "आजच्या दिस झोपू नका," ती बजावून गेली. नाथानंही ठरवलं होतं. दुपारी तो लिंबाखाली नुसता आडवा झाला, तोंडावर टॉवेल घेतला. डोळे जळत होते, पण झोप अजून लांब होती.

पावलं वाजली. टायरच्या चपलेची, डाव्या पायाला किंचित फरफटणारी. शेरडांजवळ बसलेलं घरचं कुत्रं भुंकलं नाही. घरच्या माणसावर ते भुंकायचं नाही.

आलं परत, नाथाला वाटलं. गोळीला भेदून स्वप्न आलं. टॉवेलच्या विणीतून त्याला वाकलेली आकृती दिसली, हातात दोर, कमरेला दादाचं मळकं धोतर. शेळी घाबरून ओरडली. नाथानं उजव्या हाताची करंगळी हलवून बघितली.

ती हलली.

त्यानं पूर्ण मूठ मिटली, उघडली. पायाची बोटं हलवली. सगळं अंग त्याचं ऐकत होतं. बोरीच्या सावलीतली ती जुनी दुपार त्याच्या डोळ्यांपुढून सरळ चालत गेली, आणि आता तिच्यात काहीच धूसर नव्हतं. ओरडावं, वस्ती गोळा करावी, काठी घालावी टाळक्यात. मोहनराव हाकेच्या अंतरावर विहिरीपाशी होते.

टॉवेल तसाच ठेवून नाथा म्हणाला, "दादा, ती गाभण हाय. दुसरी ने."

दोराचा आवाज थांबला.

"जागा हायस?" मुंजाजीचा आवाज चिरकला.

"हाय."

मुंजाजी खाली बसला, की कोसळला, नाथाला कळलं नाही. त्यानं तोंडावरचा टॉवेल काढला. भाऊ हाताच्या अंतरावर गुडघ्यात मान घालून बसला होता. शेळी गळ्यातल्या दोरासकट पाला खात होती. आणि मग, इतका वेळ लांब थांबलेली झोप नाथाच्या अंगात भरू लागली. आता ती खरी होती, तिला अडवणं त्याच्या हातात नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "मला झोप यायली. शेरडं बघ."

तो जागा झाला तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. मुंजाजी तिथंच बसून होता. नाथाची काठी त्याच्या मांडीवर होती.

"चल," मुंजाजी दुसरीकडं बघत म्हणाला. "येळ झाला."

नाथा पुढं होऊन शेरडांना हाका मारत वस्तीकडं उतरू लागला. कळप त्याच्या मागं धावला. गाभण शेळी मागं रेंगाळली, आणि मुंजाजी मोकळा दोर खांद्यावर टाकून तिच्या पाठोपाठ, तिच्याच चालीनं, हळूहळू माळ उतरत राहिला.