जांभळ्या फुलांचं झंपर

लढाईनं भिंगारच्या शिंप्यांची डोकी फिरवून ठेवली होती. पाच वर्षं पलटणीच्या वर्द्या शिवल्या, त्यामुळे लढाई संपली तरी त्यांचा तोरा संपेना. झंपर शिवायला नेलं की मान वर न करता म्हणायचे, "ठेवून जा, बघू." आणि शिलाई अशी सांगायचे, की कापडही त्यांच्याच घरचं असावं. विल्सन मास्तरांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पगारात ते बसणारं नव्हतं. म्हणून १९४५ सालच्या नाताळचं झंपर मी घरीच शिवायला घेतलं, तेही हातानं, कारण मशीन आमच्याकडे नव्हतं.

कापड रेशनचं. कार्डावर जे मिळेल ते घ्यायचं, नाक मुरडायची सोय नाही. पण त्या दिवशी माझं नशीब बरं होतं. फिकट पिवळ्यावर जांभळी फुलं, प्रत्येक फुलाला एकच हिरवं पान. दुकानदार हळूच म्हणाला, "एवढाच तुकडा राहिलाय, बाई. कुणाला सांगू नका." मी कशाला सांगते? आमच्या ख्रिस्ती मंडळीत नाताळचे कपडे नाताळच्या सकाळपर्यंत कुणालाही दाखवायचे नाहीत, असा रिवाजच आहे. शेजारची लीना आली की मी शिवण सुपाखाली सारायची. मी तिच्याकडे गेले की तिच्या उशीखाली काहीतरी जायचं. तिचं लग्न ठरलेलं, म्हणून मला वाटायचं, रुखवताचं असेल.

तुकडा होता सव्वा वाराचा, आणि मला हव्या होत्या फुग्याच्या बाह्या. आई म्हणाली, "दया, पाठ जुन्या धोतराची लाव. पदराखाली कोण बघतंय?" तेव्हा सगळ्याच बायका तसं करायच्या. मी ऐकलं नाही. माझ्या पाठीला काय कमी होतं म्हणून तिनं धोतर नेसावं?

बाबांनी तपासलेल्या भूगोलाच्या उत्तरपत्रिका चिकटवून मी नमुना केला आणि जमिनीवर कापड पसरून कातरी चालवली. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. बाही उलटी करून लावावी, तर फुलं आत जातात. मी तासभर रडले, मग रडून झाल्यावर उसवायला बसले. कापातून पडलेली चिंधी न् चिंधी जोडून, फुलाच्या अर्ध्या भागाला दुसऱ्या फुलाचा अर्धा भाग लावून, मी सगळं पुन्हा उभं केलं. पाठीला आणि बाहीला मिळून नऊ जोड आले.

एवढी जिद्द कशासाठी, तेही सांगते. मला बाविसावं सरत आलं होतं. तीन स्थळं मला बघून, पोहे खाऊन गेली होती, आणि पोह्यांबद्दलसुद्धा कुणी चांगलं कळवलं नव्हतं. चौथं आलं नेवाशाच्या शलमोनचं. हे दवाखान्यात कंपाउंडर. त्यांना मी आदल्या वर्षी नगरच्या सभेत पाहिलं होतं. भर उन्हात एक म्हातारी चक्कर येऊन पडली, तिला यांनी उचलून सावलीत नेलं, आणि मग तिच्या चपला आणायला परत आले. म्हातारीला उचलायला चारजण धावले होते. चपलांसाठी परत आलेला माणूस हा एकच. मला हेच हवे होते, मनापासून हवे होते. त्यांनी मात्र मला पाहिलं नव्हतं.

त्यांच्या आईचं, केशरबाईंचं पत्र आलं, ते कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मुलगी बघायचा कार्यक्रम नको. नाताळच्या उपासनेला भिंगारला येतो, लांबूनच बघतो. पसंत पडली तर नंतर भेटू. नाही पडली तर तसेच गाडीनं परत जाऊ, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. फक्त मुलगी कशी ओळखायची, ते कळवा.

फोटो काढायची ऐपत नव्हती. बाबांनी वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं, 'मुलीच्या अंगात पिवळ्या जमिनीवर जांभळ्या फुलांचे झंपर असेल.' आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

नाताळच्या सकाळी पांढरं पातळ आणि नवं झंपर घालून मी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, शिरले. बायकांच्या बाजूला पहिल्याच सतरंजीवर तीन जणी बसल्या होत्या, जांभळ्या फुलांच्या. मागच्या सतरंजीवर पाच. लीना खांबाला टेकून बसली होती, तिच्या अंगात तेच. पाळकीणबाईंच्या, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या बायकोच्या, अंगातही तेच. एकोणीस झाल्यावर मी मोजायचं सोडून दिलं. प्रत्येकीला दुकानदारानं शेवटचाच तुकडा दिला होता, आणि प्रत्येकीनं तो इमानदारीनं लपवून ठेवला होता.

बाबांनी पेटीवर सूर धरला, समोर पाहिलं, आणि सूर त्यांच्या हातून सुटला.

मागे दाराजवळ शलमोन बसले होते. शेजारी शाल गुंडाळलेली त्यांची आई. दोघं टक लावून बघत होती लीनाकडे. बघणारच. लीना गोरी, नाकीडोळी नीटस. मी उगाच खोकले, गीत मोठ्यानं म्हटलं, पण एकानं मान वळवली असेल तर शपथ.

उपासना संपली. अंगणात लीना तिच्या होणाऱ्या नवऱ्याशी हसत बोलत उभी राहिली. केशरबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मुलाचा हात धरला आणि दोघं फाटकाकडे निघाली. ती गेली की गेली, पत्रातच तसं ठरलेलं. बाबा पेटी झाकत होते, आईला पाळकीणबाईंनी बोलण्यात गुंतवलेलं. मी पदर खोचला आणि धावले.

"तुम्ही नेवाशाहून आलात ना?"

"व्हय," केशरबाई म्हणाल्या. "पन आमी निघालो आता."

"मी दया. विल्सन मास्तरांची."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग ती खांबापाशी बसल्याली?"

"ती लीना. तिचं लग्न ठरलंय."

"मास्तरांनी जांभळ्या फुलांचं लिवलं हुतं. हितं तर निम्मं देऊळ जांभळं हाय."

"रेशनचं कापड आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझा दंड धरून हात वर केला आणि काखेतली शिवण बघितली. "जोड लई दिसत्यात."

"नऊ आहेत. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या होत्या." आता लपवून काय उपयोग होता?

केशरबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मला भिंतीच्या आडोशाला ओढलं आणि शाल खाली घेतली. आत पिवळ्यावर जांभळी फुलं होती.

"नेवाशात बी हेच आलं," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी वाचून दावली तवा मला कळंना, हसू का रडू. या एका झंपराशिवाय नवं काई न्हाई माझ्याकडं. मंग बसले शाल गुंडाळून, घाम पुसत."

"पाठ?" मी विचारलं.

"धोतराची. तुझी?"

मी पदर बाजूला केला. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं, एकदा वरून खाली, मग खालून वर. "फुलाला फूल लावलंय गं पोरीनं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग हाक मारली, "शलमोन, हिकडं ये. ही दया. काय म्हनतो?"

शलमोन आले आणि जमिनीकडे बघत उभे राहिले. "खोटं कशाला बोलू?" ते म्हणाले. "मी तासभर त्या खांबाजवळच्या मुलीलाच बघत होतो. मनात होकारही देऊन टाकला होता."

माझं डोकं तडकलं. वर्षभर मी या माणसाच्या नावानं देवाला साकडं घालत होते, बोटं टोचून घेत होते, आणि हे होकार देऊन बसले होते लीनाला.

"तासभर तिला बघितलंत ना?" मी म्हटलं. "मग आता तेवढाच वेळ इकडे बघा."

त्यांनी मान वर केली. मीही खाली घातली नाही. माझे कान तापले, पण घातली नाही.

केशरबाईंनी शाल पुन्हा अंगावर ओढली. "शलमोन," त्या म्हणाल्या, "गाडी जाईल रं."

"जाऊ दे, आई," ते म्हणाले. "तास अजून व्हायचाय."